उत्तर बरोबर आलंय, आता का ते सांग

नाशिक, जूनचा दुसरा आठवडा

प्रिय सुमे,

तुझा लांबलचक निरोप वाचला आणि ठरवलं, याचं उत्तर पत्रानेच द्यायचं. फोनवर आपण दोघी तुमच्या दुलियाजानच्या पावसावरून इथल्या कोथिंबिरीच्या भावावर कधी पोचतो ते कळत नाही आणि मुद्द्याचं राहून जातं. तुझा लेक अकरावीत गेला, त्याला इंजिनिअरिंगपेक्षा नुसतं गणित शिकावंसं वाटतंय, हे वाचून मला फार आनंद झाला. आमच्या ताईच्या चिऊला चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश मिळाल्याचं कळल्यावर तू विचारलंस की मी तिच्याकडून नेमकं काय करून घेतलं, कारण तुमच्याकडे असा क्लास नाही आणि शिकवणारंही कोणी नाही. अगं, क्लास आम्हीही लावला नव्हता. काय केलं ते सविस्तर सांगते. यातलं तुला घरबसल्या करता येईल असं पुष्कळ आहे. आपण दोघी बी.एस्सी.ला एकाच बाकावर बसून गणित शिकलोय, तेवढं भांडवल पुरतं.

आधी या परीक्षा काय आहेत ते बघ. गणितासाठी मुलं मुख्यतः दोन ठिकाणी धडपडतात. एक म्हणजे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट (आयएसआय), महालनोबिसांनी १९३१ साली कोलकात्यात उभी केलेली. तिथे बी.स्टॅट. होतं आणि तिच्याच बंगळुरूच्या केंद्रात बी.मॅथ. दुसरी ही चेन्नईची. सी. एस. शेषाद्रींनी १९८९ मध्ये एका छोट्या संशोधनगटापासून ती सुरू केली, आणि १९९८ पासून तिथे गणित आणि कॉम्प्युटर सायन्सची बी.एस्सी. ऑनर्स सुरू झाली. आता ती शहराबाहेर सिरुसेरीला आहे. शेषाद्री मोठे गणिती तर होतेच, कर्नाटक संगीताचीही त्यांनी तालीम घेतली होती. संशोधन करणाऱ्यांनीच पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवलं पाहिजे हा त्यांचा आग्रह होता, आणि माझ्या मते हीच त्या संस्थेची खरी श्रीमंती आहे. दोन्हीकडे जागा थोड्या आणि दोन्हीकडे स्वतंत्र प्रवेशपरीक्षा, बहुधा मे महिन्यात, म्हणजे बोर्ड, जेईई आणि सीईटी यांच्या गर्दीतच.

त्या पेपरांचा हिशोब एकदा मांडून बघ, म्हणजे तयारी वेगळी का लागते ते कळेल. जेईई मेनमध्ये तीन तासांत ७५ प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी २.४ मिनिटं. आयएसआयच्या दुपारच्या पेपरात दोन तासांत ८ प्रश्न. एकाला १५ मिनिटं, आणि तिथे पर्याय नसतात, पूर्ण सिद्धता लिहायची असते. अडीच मिनिटांच्या प्रश्नात मुलाने पद्धत ओळखायची आणि हात चालवायचा. पंधरा मिनिटांच्या प्रश्नात पद्धत ओळखीची नसते. पहिली पाच मिनिटं नुसतं बघत बसावं लागतं. आपल्याकडच्या हुशार मुलांना नेमकी हीच सवय नसते. दोन मिनिटांत वाट दिसली नाही की ती पुढच्या प्रश्नावर जातात, कारण वर्षानुवर्षं त्यांना तेच शिकवलेलं असतं. म्हणून मी पहिले काही महिने चिऊला वेळ लावून एकही पेपर दिला नाही. एक गणित, एक संध्याकाळ. सुटलं नाही तर उद्या पुन्हा तेच.

सुरुवात कापरेकरांपासून केली. नाशिकमध्ये राहून दुसऱ्या कुठून करायची! देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, ६१७४ वाले. तुला आठवतच असेल. चार अंकी कुठलीही संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, चढत्या क्रमाने मांडायचे, मोठीतून लहान वजा करायची आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करायचं. ३५२४ घेतलीस तर ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. तिथून पुढे हलतच नाही, कारण ७६४१ उणे १४६७ पुन्हा ६१७४. कोणतीही संख्या घे, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच येते. हे त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं. नावापुढे मोठी पदवी नसलेल्या शाळामास्तरांकडे आपल्या लोकांनी पुष्कळ वर्षं पुरेसं लक्ष दिलं नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिलं तेव्हा जगाचं लक्ष गेलं. याचं मला अजूनही वाईट वाटतं.

चिऊने एका दुपारी लॅपटॉपवर चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून सगळ्या संख्या तपासल्या आणि म्हणाली, “मावशी, खरंच येतं गं सगळ्यांचं ६१७४.” मी म्हटलं, “छान. आता का येतं ते सांग, आणि लॅपटॉप बंद कर.”

पुढचे काही दिवस ती त्यावरच होती. आधी तिला फक्त एवढं दिसलं की प्रत्येक वजाबाकीचं उत्तर ९ ने भागलं जातं. का? तिने उतरत्या क्रमातल्या अंकांना अ, ब, क, ड म्हटलं आणि वजाबाकी मांडली. ती येते ९९९(अ − ड) + ९०(ब − क). दोन्ही पदांत ९ आहेच. पण यात त्याहून मोठी गोष्ट दडलेली आहे, आणि ती तिची तिला सापडली तो क्षण मी विसरणार नाही. ती ओरडलीच, “म्हणजे उत्तर फक्त दोन फरकांवर अवलंबून आहे! बाकी अंक कोणतेही असोत!” पहिला फरक १ ते ९ मधला, दुसरा शून्यापासून पहिल्या फरकापर्यंतच, कारण मधले अंक टोकाच्या अंकांच्या आतच असतात. मोजून बघ: २ + ३ + ४ असं करत १० पर्यंत, एकूण ५४ जोड्या. म्हणजे हजारो संख्यांपैकी कोणतीही घेतली तरी पहिल्या वजाबाकीनंतर फक्त ५४ शक्यता उरतात, आणि ५४ संख्या तर हाताने तपासता येतात. तिने त्या कागदावर तपासल्या.

या एका गणितात परीक्षेला लागणारं बहुतेक सगळं येऊन जातं, सुमे. संख्यांना नावं देणं, मांडणी करणं, काय बदलतं आणि काय बदलत नाही ते बघणं, अफाट पसारा आवाक्यात आणणं आणि मग न कंटाळता एकेक शक्यता तपासणं. प्रत्येक गणिताला शेवटी एखादी चमकदार युक्ती असतेच असं नाही हेही कळतं. काही सिद्धता कष्टाच्याच असतात, आणि मुलांना ते लवकर समजलेलं बरं.

आता माझं काम काय होतं ते सांगते, कारण तुला तेच करायचंय. मी तिला फारसं शिकवलं नाही. मी तिचं लिखाण वाचत होते. रोज रात्री जेवणं झाल्यावर ती वही आणून द्यायची आणि मी लाल पेन न घेता वाचायचे. जिथे मला एखादी पायरी पटली नाही तिथे फक्त ‘का?’ लिहायचे. बस्स. उत्तर माहीत असलं तरी सांगायचं नाही. हे आपल्यासारख्या मास्तरकी केलेल्या बायकांना फार जड जातं, पण तू कर. तुला ते गणित स्वतःला सोडवता येत नसेल तर एका अर्थी उत्तमच, कारण मग तुझा ‘का?’ अस्सल असेल आणि लेकाला तो टाळता येणार नाही.

उदाहरण देते. तिला एक प्रसिद्ध गणित दिलं होतं: एका बहुपदीचे सगळे सहगुणक पूर्णांक आहेत. क्ष ला शून्य घातलं तर किंमत विषम येते, एक घातला तरी विषम येते. या बहुपदीला पूर्णांक मूळ असू शकत नाही हे सिद्ध कर. चिऊने दोन ओळी लिहिल्या. क्ष सम असेल तर किंमत विषम, क्ष विषम असेल तरी किंमत विषम, आणि शून्य ही सम संख्या आहे, म्हणून मूळ नाही. झालं म्हणून ती उठलीसुद्धा.

दोन्ही ओळी खऱ्या आहेत, पण सिद्धता अजून झालेलीच नाही. मी पहिल्या ओळीपुढे ‘का?’ लिहिलं आणि खाली एक प्रश्न जोडला: सहगुणक पूर्णांक आहेत ही अट तू कुठे वापरलीस? हा दुसरा प्रश्न तू पाठच करून ठेव. कुठल्याही सिद्धतेला विचारता येतो, आणि दिलेली एखादी अट कुठेच वापरली गेली नसेल तर बहुतेक वेळा काहीतरी निसटलेलं असतं. ती परत बसली. मग तिच्या लक्षात आलं की दोन पूर्णांकांना बहुपदीच्या किमती काढल्या तर त्या किमतींमधला फरक त्या पूर्णांकांमधल्या फरकाने भागला जातो. क्ष सम असेल तर त्याचा शून्याशी फरक सम, म्हणून किमतीतला फरकही सम, आणि म्हणून किंमत शून्याजवळच्यासारखीच विषम. विषम क्ष साठी एकशी तुलना करायची. आणि हे सगळं सहगुणक पूर्णांक आहेत म्हणूनच चालतं.

मी तिला आणखी ढकललं. “बरं, अपूर्णांक चालू दिले तर विधान खोटं पडतं का? खोटं पडणारं एक उदाहरण आण.” दुसऱ्या दिवशी तिने आणलं: १ उणे क्ष(क्ष − १) भागिले २. शून्याला १, एकला १, दोन्ही विषम. आणि क्ष ला २ घातले तर बरोबर शून्य! हे कुठल्या पुस्तकात बघून आणलेलं नव्हतं. तिचं स्वतःचं होतं. त्या दिवसापासून मला तिची काळजी वाटेनाशी झाली. ज्या मुलीला विधान मोडून बघावंसं वाटतं, तिला ते विधान खरोखर कळलेलं असतं.

चित्र काढण्याबद्दलही लिहायलाच हवं. बारावीची मुलं डेरिव्हेटिव्ह काढायला इतकी सरावलेली असतात की आलेख काढणं त्यांना वेळ घालवणं वाटतं. साइन क्ष बरोबर क्ष भागिले १०० या समीकरणाची किती उत्तरं आहेत, असा एक जुना प्रश्न आहे. बीजगणिताने हात लावायला गेलं तर काहीच हाती लागत नाही. चित्र काढलं की एकीकडे साइनची लाट, दुसरीकडे शून्यातून जाणारी अगदी सपाट रेघ. लाट एकच्या वर जात नाही, म्हणून रेघ क्ष शंभरला पोचली की भेटीगाठी संपल्या. शंभरपर्यंत लाटेचे १६ उंचवटे येतात आणि रेघ प्रत्येकाला दोनदा छेदते. म्हणजे शून्य धरून उजवीकडे ३२, शून्य वगळून ३१, डावीकडेही ३१, आणि शून्य एकच. एकूण ६३. मुलं ६४ लिहितात, कारण शून्य दोनदा मोजतात. काही जण शेवटच्या उंचवट्यापाशी गडबडतात. तिथे रेघ लाटेच्या माथ्याखालून जाते की वरून, हे आकडे घालून बघावं लागतं. तो माथा ९५.८ च्या आसपास येतो, शंभरच्या आत, म्हणून रेघ खालूनच जाते. नुसतं चित्र काढून भागत नाही, त्यावर विश्वास का ठेवायचा तेही लिहावं लागतं. तुझ्या लेकाला हे गणित देच.

अभ्यासक्रमातली एक गंमत सांगते. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या गणिताचा पहिलाच धडा तर्कशास्त्राचा. मुलं त्याला हक्काचे मार्क म्हणतात, कोष्टकं भरतात आणि विसरून जातात. चेन्नईच्या परीक्षेत मात्र पानोपानी विधानं तपासायची असतात, खरं की खोटं. तिथे ‘जर’ आणि ‘तरच’ यांतला घोळ महागात पडतो. मी बऱ्याच मुलांना विचारून पाहिलंय. ‘प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एक गणित सोडवलं’ हे विधान खोटं आहे असं म्हणायचं, तर काय म्हणाल? दहापैकी बहुतेक जण सांगतात, ‘कोणीच एकही सोडवलं नाही.’ चूक. एखादाच विद्यार्थी असा निघाला की ज्याने एकही सोडवलं नाही, तरी पुरे. हे एकदा नीट बसलं की निम्म्या सिद्धता सरळ होतात. तुझ्या लेकाचं सीबीएसई आहे ना, तिथे अकरावीच्या पुस्तकातून तर्काचा धडाही काढलाय आणि मॅथेमॅटिकल इंडक्शनचाही. हे दोन विषय तुला वेगळे करून घ्यावे लागतील. आपल्या बोर्डाच्या अकरावीच्या पुस्तकात इंडक्शन अजून आहे, मी ते पुस्तक पाठवते. याशिवाय संख्यांची विभाज्यता, बाक्यांचा हिशोब, मोजणीची गणितं आणि असमता शाळेत पुरेशा होत नाहीत आणि इथे भरपूर विचारल्या जातात.

पुस्तकं फार जमवू नकोस. आयएसआयनेच काढलेलं ‘टेस्ट ऑफ मॅथेमॅटिक्स अॅट द टेन प्लस टू लेव्हल’ हे मुख्य. पोरं त्याला लाडाने ‘टोमॅटो’ म्हणतात. दुसरं आपल्या पुण्याचं, ‘अॅन एक्सकर्शन इन मॅथेमॅटिक्स’. ते भास्कराचार्य प्रतिष्ठानने काढलंय, श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या संस्थेने. ऑलिंपियाडला बसणाऱ्या मुलांच्या दोन-तीन पिढ्या त्यावर वाढल्या. तिसरं कृष्णमूर्ती, प्रणेशाचार, रंगनाथन आणि वेंकटाचल यांचं ‘चॅलेंज अँड थ्रिल ऑफ प्री-कॉलेज मॅथेमॅटिक्स’. एवढी पुरे. चेन्नईवाले आपले जुने पेपर उत्तरांसकट संकेतस्थळावर ठेवतात, फुकट. पण ते शेवटच्या वर्षासाठी राखून ठेव. आत्ताच उघडले तर नंतर सरावाला काही उरणार नाही.

परीक्षेच्या डावपेचांना मी फार किंमत देत नाही, तरी एक हिशोब मुलांना शिकवावाच. आयएसआयच्या सकाळच्या पेपरात ३० प्रश्न, चार-चार पर्यायांचे. गेली काही वर्षं तिथली पद्धत अशी आहे: बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर शून्य, आणि प्रश्न सोडून दिला तर १. आता विचार कर. डोळे मिटून ठोकलं तर चारांतून एकदा बरोबर, म्हणजे सरासरी १ गुण. सोडलं तरी १. म्हणजे नुसत्या नशिबावर ठोकण्यात काही मिळत नाही आणि जातही नाही. पण एक जरी पर्याय खात्रीने खोडता आला तर सरासरी होते ४ भागिले ३, एकाहून जास्त, आणि मग ठोकावं. चिऊला हे मी सांगितलं नाही, तिनेच संभाव्यता मांडून काढलं. पेपर काढणाऱ्यांनी तो एक गुण किती विचार करून ठेवलाय हे कळल्यावर तिला तो पेपर आवडायलाच लागला. मात्र दर वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचून घे, नियम बदलू शकतात. चेन्नईच्या पेपरात दोन भाग असतात, आणि पहिल्या भागात ठरावीक गुण मिळाले तरच दुसऱ्या भागातल्या सिद्धता तपासल्या जातात. तेव्हा लिहिण्यात रमणाऱ्या मुलाने पहिला भाग हलका समजू नये.

मधल्या काळात वाईट दिवस येतात, ते मात्र तुला सोसावे लागतील. दहावीला गणितात शंभरपैकी शंभर मिळवलेलं मूल टोमॅटोतल्या एका प्रश्नापुढे आठवडाभर बसतं आणि मग त्याला वाटतं, आपल्याला गणित येतच नाही. दिवाळीच्या सुमाराला चिऊचं तसं झालं. वही आणेना, नीट बोलेना. ताई घाबरली, म्हणाली, “जाऊ दे, इंजिनिअरिंगचं बघू या, कशाला पोरीला छळायचं?” मी ताईला एवढंच म्हटलं की थोडं थांब. चिऊला मी गणितातलं काही दिलं नाही. नुसतं तिच्या जुन्या वह्यांतली जूनमधली पानं उघडून शेजारी ठेवली, जिथे माझे ‘का?’ ओळीगणिक होते. आणि ऑक्टोबरमधली पानं, जिथे मला एका पानावर एखादाच लिहायला मिळाला होता. तिने बराच वेळ ती चाळली. गुण मिळत नसतानाही माणूस वाढत असतो हे त्या वयात कोणाच्या सांगण्याने पटत नाही, स्वतःच्या अक्षरातलं दिसावं लागतं. म्हणून तुझ्या लेकाच्या वह्या फेकू नकोस, तारखा घालायला लाव.

नातेवाईक म्हणतील, बी.एस्सी. करायला एवढ्या लांब कशाला. आम्हालाही म्हणाले. तू शांतपणे सांग की आयएसआयला शिक्षणशुल्क तर नाहीच, उलट विद्यावेतन मिळतं. चेन्नईला फी आहे, पण शिष्यवृत्त्या आणि फीमाफीही आहेत. आणि २००७ साली आबेल पुरस्कार मिळवणारे वरधन आयएसआयचेच विद्यार्थी. पण मला विचारशील तर हे सगळं दुय्यम आहे. मुलाला काही वर्षं आपल्यासारख्याच वेड्यांच्या संगतीत राहायला मिळणं हे खरं. चिऊ शाळेत एकटी होती गं. मधल्या सुट्टीत बहुपदींबद्दल कोणाशी बोलणार?

एक जुनी गोष्ट राहिली. आपल्या आजोबांच्या पिढीत ‘रँग्लर’ हा केवढा मानाचा शब्द होता! मुर्डीसारख्या कोकणातल्या खेड्यातले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनिअर रँग्लर, म्हणजे पहिल्या क्रमांकाचे, झाले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय. महाराष्ट्राने त्यांना आयुष्यभर त्याच नावाने ओळखलं. मात्र त्या परीक्षेसाठी केंब्रिजमध्ये खाजगी शिकवण्यांचा केवढा बाजार होता हे आपण सहसा सांगत नाही. मुलांना ठरावीक नमुन्याची गणितं वेगाने सोडवायला घोटून तयार केलं जायचं. हार्डीसारखे गणिती त्यावर तुटून पडले, आणि १९१० पासून क्रमांक जाहीर करणं बंद झालं. सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे जे चाललं होतं ते आज आपल्या गल्लोगल्ली चालतं. परांजप्यांचं कर्तृत्व यामुळे रतिभरही कमी होत नाही. मला एवढंच वाटतं की परीक्षा जवळ आली की घोटून घेण्याचा मोह जुनाच आहे, आणि तुझ्यासारख्या आईला तो दर आठवड्याला होईल. नमुने कमी दे, वेळ जास्त दे.

पार्सल शनिवारी टाकते. त्यात एक्सकर्शन आहे, आपल्या बोर्डाचं अकरावीचं पुस्तक आहे आणि भाऊजींसाठी चिवडा. चिऊने स्वतःहून तिची टोमॅटोची प्रत तुझ्या लेकासाठी दिली आहे, समासात तिचं सगळं खरडलेलं आहे. पण त्याला सांग की पेन्सिलीने लिहिलेली उत्तरं आधी बघायची नाहीत. तिने ती पानं टाचणीने बंद केली आहेत. सुरुवात ६१७४ ने करू दे. ५४ पर्यंत तू पत्रात वाचलंस ते त्याला सांगू नकोस. आणि तीन अंकी संख्यांचं काय होतं हे त्याला माझ्यातर्फे विचार. त्याचं पहिलं लिहिलेलं पान, जसं असेल तसं, खोडाखोडीसकट, फोटो काढून मला पाठवायला लाव. मी रात्री जेवण झाल्यावर वाचीन आणि जिथे पटणार नाही तिथे एक ‘का?’ लिहून परत पाठवीन.

तुझी,
कुमू

ता.क. पार्सलमध्ये कोऱ्या वह्याही टाकल्या आहेत, बिनरेघांच्या. चित्रं त्यांत मोकळी येतात.